कोल्ह्याचा वाटा

१२ जानेवारी २०२५

डॉक्टरांनी सांगितलं, पेशंटचं दुखणं, खाणं, ताप, सगळं रोज लिहून ठेवा. एसटीत कंट्रोलर म्हणून उभी हयात गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली, तेव्हा लिहायचा मला कंटाळा नाही. पण पहिल्याच ओळीला अडलो. कुठे दुखतं विचारलं तर माझी बायको यशोदा म्हणते, "हयसर." कसं दुखतं विचारलं तर म्हणते, "दुखता तसां दुखता." आता हे लिहू कसं?

कुडाळला आज सोनोग्राफी झाली. उजव्या बरगडीखाली, यकृतात, पाण्याने भरलेली गाठ आहे, मोसंबीएवढी. कॅन्सर नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं, म्हणून मी खुर्चीत टिकलो. मग त्यांनी विचारलं, "घरी कुत्रा आहे? शेळ्या? आजूबाजूला कोल्हे फिरतात?" मला वाटलं माणूस गप्पा मारतोय. मी म्हणालो, कुत्रा आहे, टिपू, दर रविवारी साबण लावून आंघोळ घालतो. शेळ्या नाहीत. कोल्हे वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

ते म्हणाले, कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पालेभाजीला, रानमेव्याला, पाण्याला, कुत्र्याच्या केसांना लागतात आणि माणसाच्या पोटात जातात. तिथे अशी पाण्याची पिशवी तयार होते. ती वाढायला वर्षंच्या वर्षं लागतात. गोळ्या सुरू करायच्या, मग गोव्याच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन. तोवर तिने जड उचलायचं नाही, पडायचं नाही. पिशवी आत फुटली तर जिवावर बेतेल.

यशोदेने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "टिपूक माझ्यापायी वायट म्हणू नकात हां." डॉक्टरांनी जिवाचं सांगितलं आणि हिला कुत्र्याची काळजी.

१४ जानेवारी

पुण्याहून पूजाचा फोन. लेक आमची आयटीत आहे, म्हणजे तिला सगळं मोबाईलवर कळतं. "बाबा, टिपूला आजच्या आज घराबाहेर काढा." यशोदेने फोन हिसकावून घेतला, "तुका कदी घराभायर काढलेलंय?" आणि ठेवून दिला.

मी मात्र विचार करतोय. टिपू घरचा आहे, माझ्या डोळ्यांसमोर जेवतो. घाण खायला तो जातो कुठे? दोष कोल्ह्यांचा. पण आमच्या सड्यावरचे कोल्हे माझ्या आज्यापासून इथले, आणि हा रोग मी याआधी कधी ऐकला नव्हता. म्हणजे तो बाहेरून आला असणार. शेजारी भिकाजी आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "गोयातसून इलो आसतलो. थयसर हॉटेलांचो कचरो पडता, कोले लठ झालेत. आरोंद्याची खाडी पवान येतत." मी म्हटलं, गोव्याच्या हद्दीवर इन्सुलीच्या नाक्यावर दारूच्या बाटलीसाठी गाडीची सीटसुद्धा उलटी करून बघतात. कोल्ह्याची झडती कोण घेणार? भिकाजी पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

२१ जानेवारी

सड्यावर एक मुलगी सापडली. सापडली म्हणजे उकिडवी बसून काटकीने कोल्ह्याची विष्ठा बाटलीत भरत होती. मी म्हटलं, "बाई, काही हरवलं काय?" ती म्हणाली, "नाही काका, मिळालं." नाव चारुता, विद्यापीठात कोल्ह्यांवर संशोधन करते. हा पट्टकृमी कुठल्या भागात किती पसरलाय ते शोधायला देवगडपासून आरोंद्यापर्यंत बाटल्या भरत चाललीय. घरची माणसं बरी आहेत असं म्हणाली, पण मला शंका आहे.

देवानेच धाडली म्हणायचं. मी तिला सगळ्या वाटा दाखवल्या. कोल्हे काय खातात विचारलं तर सांगितलं, खेकडे, उंदीर, बोरं, काजूची बोंडं आणि आमच्या घरचा वाटा. ती म्हणाली, कसला वाटा? मग मी तिला आमचा मान समजावला. गाव राखणदार देवाला दरवर्षी बोकड कापून राखण देतं, तेव्हा पहिला वाटा कोल्ह्याचा. तो सड्यावरच्या कातळावर ठेवायचा मान आमच्या घराण्याचा. कच्चा ठेवायचा, मग मानकऱ्याने आडोशाला बसायचं आणि वाटा खाल्ला जाईपर्यंत हलायचं नाही. दिवस बुडायच्या आत वाटा गेला तर राखणदाराने राखण घेतली. त्यात काळीज, म्हणजे कलेजी, असलंच पाहिजे. कधी कधी काळजावर पाण्याचे पांढरे फोड असतात, ते आम्ही माणसं खात नाही, अख्खंच्या अख्खं कोल्ह्याला देतो. देताना हात आखडता घेणारे आम्ही नव्हे.

तिने लिहिणं थांबवलं होतं. म्हणाली, "काका, तो वाटा शिजवून ठेवता येईल?"

शिजवून! कोल्ह्याला काय मसाला वाटून हवा? मी तिला चांगलंच सुनावलं. तिने त्या कातळाचे फोटो मात्र खूप काढले. घरी येऊन यशोदेला सांगितलं की आपला मान आता पुस्तकात येणार. टिपू वाट्याच्या दिवशी माझ्याबरोबर येतो आणि उरलंसुरलं चाटतो, हे सांगायचं राहिलं. ती पुढच्या वेळी आली की सांगीन, गंमत वाटेल तिला.

२ फेब्रुवारी

इस्पितळाची तारीख मिळाली, ३ मार्च. आणि यशोदा नाही म्हणते.

कौल लावल्याशिवाय ती जाणार नाही. गेलो देवळात. गुरवाने कळ्या लावल्या, मी हात जोडून उभा. डावी पडली, म्हणजे नकार. पुन्हा लावल्या, पुन्हा डावी. गुरव म्हणाला, राखण थकली आहे, ती द्या आणि मग न्या. वादामुळे यंदाची गावाची राखण अडकून पडली आहे हे खरं. यशोदेने तिथल्या तिथे बोलून टाकलं, "एक बोकड दितंय. कोल्यान वाटो खाल्ल्यान तर जातंय. नाय तर नाय."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तारीख चुकवू नका, पिशवीची भिंत पातळ झाली आहे. मी म्हटलं, नाही चुकवणार. पण तारीख माझ्या हातात कुठे आहे? एसटीत होतो तेव्हा ड्रायव्हर अडून बसला तर मेमो देता यायचा. बायकोला काय देणार?

रागाने जेवलो नाही. मग तिनेच ताट वाढून आणलं आणि मी जेवलो.

९ फेब्रुवारी

हल्ली ही मला फार बोलावते. आज कपाटासमोर उभं केलं. ही बरणी करमलाच्या लोणच्याची, ही आमसुलं, ही भाजलेली कुळथाची पिठी, पिठीला किडे होतात, ऊन दाखवायचं. काल पेज शिकवली. पाणी किती, तांदूळ कुठला, मीठ कधी. मी चिडलो. म्हटलं, "माका कित्याक सांगतंस? तू आसस मां?" तर म्हणाली, "लक्षात रवात म्हणान सांगलंय."

गोळ्यांमुळे कदाचित असं होत असेल. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचं. पूजाच्या लग्नातली साडी ट्रंकेतून काढून तिने वेगळी ठेवली आहे, इस्पितळात कोणी शालू नेसतं का? बायकांचं काही कळत नाही.

आज दुखणं कमी. ताप नाही. पेज मी केली, करपली, तिने दोन वाट्या खाल्ल्या.

१५ फेब्रुवारी

चारुता आली. बाटल्यांचा निकाल आला. आमच्या सड्यावरच्या कोल्ह्यांत कृमी आहे. मी म्हटलं, बघ, सांगत नव्हतो? मग ती हळूच म्हणाली, "टिपूतही आहे, काका." तिने गेल्या खेपेला जाता जाता आमच्या परड्यातून एक बाटली भरून नेली होती, न विचारता.

यशोदा टिपूला पोटाशी धरून बसली. चारुताने कुत्र्याचं औषध आणलं होतं, ते दिलं, बांधून ठेवायला सांगितलं, त्याची घाण जाळायला सांगितलं. टिपूला हात लावला तर हात धुतल्याशिवाय यशोदेने कशालाच शिवायचं नाही.

मी विचारलं, मला एकच सांग, गाडी सुटली कुठून? कोल्ह्याने टिपूला दिला की टिपूने कोल्ह्याला? ती म्हणाली, दोघांनाही एकाच ठिकाणाहून मिळाला, फोड असलेल्या कच्च्या काळजातून. मग बोकडाला कुठून? तर कोल्ह्या-कुत्र्यांच्या घाणीची अंडी गवतावर पडतात, तिथून. आणि आपल्याकडे बोकड येतात घाटावरून, ट्रकने. कोल्ह्याला खाडी पोहायची गरजच नाही, कृमी गाडीत बसून येतो. अशा गाड्या देशभर फिरतात. आणि माणूस? "माणसात येऊन तो अडकतो. तिथून पुढे कुठे जात नाही." म्हणजे माणूस शेवटचा थांबा. गाडी तिथे येते आणि तिथेच पडून राहते, ती माझ्या बायकोच्या कुशीत.

वही बंद करून झोपायला गेलो होतो, परत आलो. ही गोल फेरी आहे, मान्य. पण गोल फेरीलाही एक डेपो असतो. कोल्हा, कुत्रा, बोकड, गवत. यातला गुन्हेगार कोण? चारुताला निघताना विचारलं तर म्हणाली, "काका, गुन्हेगार कशाला शोधता? एक फेरी रद्द करा, बस्स." कुठली, ते तिने सांगितलं नाही. की सांगितलं होतं?

१८ फेब्रुवारी

निकालाची बातमी वाडीत पसरली. संध्याकाळी भिकाजीच्या खळ्यात माणसं जमली. पोरं म्हणतात कोल्हे संपवा. वनखात्याचा एक ओळखीचा गार्ड म्हणाला, हात लावलात तर आत जाल. भिकाजीने मला बाजूला घेतलं. "गणपतदा, वहिनीक असां झाल्यापासून माका झोप नाय. त्या कातळार येतत मां ते? तुमी फकत होय म्हणा."

मी म्हटलं, त्या कातळावर आम्ही विश्वासाने ठेवतो आणि ते विश्वासाने खातात. तिथे नाही. भिकाजीने मान हलवली. हा माणूस माझ्या शब्दाबाहेर नाही, हे मला माहीत आहे. जाताना म्हणाला, "तुमी राखणीचा बघा, बाकीचो बंदोबस्त मी करतंय." लाकडं, टोप, पाणी, सगळं त्याच्याकडेच असतं. त्याचा मोठा आधार आहे.

२५ फेब्रुवारी

चार-पाच दिवस कोल्हेकुई ऐकली नाही. यशोदा म्हणाली, "कोले खंय गेले?" सांजेला ते ओरडले की ही तुळशीकडे दिवा लावायची, आता घड्याळ बघून लावते. ऊन वाढलं म्हणून खाली ओढ्याकडे उतरले असतील.

सड्यावर जाऊन आलो. कातळापासून जरा लांब, करवंदीच्या जाळीत दोन कावळे मरून पडले होते. पक्ष्यांनाही काही साथ आली की काय? चारुताला कळवलं तर म्हणाली हात लावू नका, मी येते. भिकाजीला सांगितलं तर तो दुसरीकडे बघून विडी पेटवत राहिला. त्याचीही तब्येत बरी दिसत नाही.

यशोदेला रात्रीपासून दुखतंय. तिने सांगितलं नाही, मला कुशी बदलण्यावरून कळलं.

१ मार्च

आज राखण झाली. नीट लिहायचं आहे, कारण काय झालं ते मलाच अजून नीट कळलेलं नाही.

राखणीला बायका येत नाहीत. निघताना यशोदा दारात उभी होती. बॅग भरून ओट्यावर ठेवली होती, पण बंद केली नव्हती. म्हणाली, "खरां काय ता सांगा हां. माका बरां वाटाचा म्हणान खोटां सांगू नकात. देवाच्या नावान सांगतंय." मी हो म्हटलं. टिपूला साखळीला ठेवला, तो मागे ओरडत राहिला.

गाऱ्हाणं झालं. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं, मीही म्हटलं. बोकड पडला, भिकाजीने पोट फाडून काळीज काढलं आणि माझ्या हातातल्या पानावर ठेवलं.

त्यावर फोड होते. पांढरे, पाण्याने टम्म. जन्मभर बघत आलो आणि जन्मभर कातळावर ठेवत आलो. पण आज ते पान हातात धरून मी कुडाळच्या सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत उभा होतो आणि पडद्यावर तेच होतं, तसंच गोल, तसंच पाणी आत. माणसं बघत होती, कारण आता मी वर चढायचं असतं.

चहाचा टोप चुलीवर उकळत होता. पावडर अजून पडली नव्हती. मी ते काळीज त्यात सोडलं.

"गणपतदा! चायत?" भिकाजी ओरडला. एकजण म्हणाला, गणपतदाचं डोकं फिरलं. एकजण म्हणाला, कोप होईल. मी म्हटलं, मान माझा, कोप माझ्यावर होईल, लाकडं घाला. आणि राखणदाराला मनातल्या मनात सांगितलं, बा, तुझ्या वाट्यात कमी करत नाही, फक्त जंत मारतोय, समजून घे. बराच वेळ रटरटू दिलं. कोणी चहा प्यायला नाही.

वर गेलो, वाटा कातळावर ठेवला आणि आडोशाला बसलो. नेहमी मी पाठ फिरवायच्या आत झाडीतून तोंड दिसतं. आज काही नाही. कावळाही नाही. ऊन कलंडलं, खाली आरोंद्याच्या खाडीचं पाणी चकाकायला लागलं, तरी काही नाही. शिजवलेलं म्हणून आले नाहीत की आलेच नसते? मला काहीच कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की दिवस बुडतोय आणि खाली घरात एक बॅग उघडी आहे.

खोटं सांगता येत नव्हतं. मातीत पुरून 'गेला' म्हणालो असतो तर तेही खोटंच. वाटा खाल्ला गेला पाहिजे, असंच ती बोलली होती आणि असंच आमच्या घराण्यात आहे. कोणी खायचा यावर आजवर कोणाला बोलायची वेळ आलेली नाही.

कातळाशी गेलो. चप्पल काढली. आणि खाल्ला. मीठ नाही, काही नाही. फोडांचं कातडं दातांखाली चिवट लागत होतं. दोनदा पोटातून वर आलं, दोनदा गिळलं. मी रडत होतो. का ते माहीत नाही, पण मोठ्याने रडत होतो आणि खात होतो. शेवटचा तुकडा गेला तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. पानसुद्धा चाटून ठेवलं, कारण वाटा गेला की पान कोरडं असतं.

घरी आलो. तिने विचारलं, "गेलो वाटो?"

"गेलो."

"दिवस बुडाच्या आदी?"

"आदी. माझ्यासमोर. कण उरूक नाय."

तिने पदराने माझ्या ओठाच्या कोपऱ्याला लागलेलं काहीतरी पुसलं. मग वाकून बॅगेची चेन लावायला लागली. मी धावलो, म्हटलं, तू नको, वाकू नको, मी लावतो.

२ मार्च

सकाळी निघालो. इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने आत डोकावून विचारलं, काय आहे? यशोदा म्हणाली, "पोटात पाणी आसा, दुसरां काय नाय." त्याने जाऊ दिलं.

माझं पोट रस्ताभर गुरगुरत होतं. तिने काही विचारलं नाही. बडीशेप काढून दिली.

५ मार्च

परवा ऑपरेशन झालं. पिशवी न फुटता निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. पूजा आली आहे, बाहेर बाकावर झोपली आहे. चारुताचा फोन आला होता. सड्यावर एकही ताजी विष्ठा मिळत नाही म्हणाली, कोल्हे गेले कुठे विचारत होती. मी तिला काय सांगणार? भिकाजीला फोन लावला, तो उचलत नाही.

दुपारी यशोदेने डोळे उघडले. ओठ सुकले होते, कापसाने पाणी लावलं. मला वाटलं टिपूचं विचारेल.

"कोलो," ती म्हणाली, "मोठो होतो?"

मी म्हटलं, "म्हातारो होतो."

"एकटोच इलेलो?"

"एकटोच."

तिने चादरीखालून हात काढून माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "बिचारो." आणि परत झोपली. हात तसाच होता, म्हणून मी उठलो नाही.